काळाचौकी ते सागरमाळ

वाठार फाट्यावरून वारणानगरकडे वळलं की उसाच्या फडांमधून रस्ता कोडोलीत शिरतो. पन्हाळा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. मिशनचा दवाखाना, चर्च आणि शेजारी वारणेचा कारखाना व दूध संघ. इथल्या माणसाला पोलीस म्हणजे ठाणे अंमलदार, बीटचा हवालदार, गणपतीच्या आधी भरणारी शांतता समितीची बैठक आणि फार तर साध्या कपड्यांत टपरीवर चहा पीत बसलेला 'गोपनीय'चा माणूस. दहशतवादविरोधी पथक, म्हणजे एटीएस, ही मुंबईची गोष्ट. बातम्यांत दिसणारी, बुरखा घातलेले आरोपी कोर्टात नेणारी.

१६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी हे अंतर संपलं. कोल्हापुरात सागरमाळ भागात फिरून घरी परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या. पानसरे अण्णांचा २० फेब्रुवारीला मुंबईत मृत्यू झाला. वय ८१. जिल्ह्यात असं गाव विरळंच, जिथे कामगार, मोलकरणी, टोलविरोधी आंदोलन किंवा 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेच्या निमित्ताने ते पोचले नव्हते. गुन्हा राजारामपुरी पोलीस ठाण्यात नोंदला गेला, तिथून विशेष तपास पथकाकडे गेला आणि साडेसात वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशाने एटीएसकडे. हे पथक कुठून आलं आणि त्याने आजवर धरलेल्यातलं कोर्टात किती टिकलं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाने एकदा नीट बघायला हवं. आपला एक माणूस त्यांच्या कागदांत अडकलेला आहे.

या नावाचं पहिलं पथक मुंबईत १९९० मध्ये निघालं. आफताब अहमद खान या अधिकाऱ्याने अमेरिकेत लॉस एंजेलिस पोलिसांचं 'स्वॅट' पथक पाहिलं होतं. त्या धर्तीवर त्यांनी ते उभं केलं. पंजाबातले अतिरेकी तेव्हा मुंबईत आसरा घेत होते, हे तातडीचं कारण. पण लोकांच्या लक्षात राहिली ती १६ नोव्हेंबर १९९१ ची लोखंडवालाची चकमक, आणि ती टोळीवाल्यांशी होती. त्या पथकाचा भर बंदुकीवर होता, तपासावर नव्हता. १९९३ च्या स्फोटांनी दाखवून दिलं की खरी गरज दुसऱ्या गोष्टीची आहे.

आजचं एटीएस ८ जुलै २००४ च्या शासन निर्णयाने जन्मलं. कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य. देशविघातक हालचालींची माहिती काढणं, केंद्रीय गुप्तचर यंत्रणा आणि इतर राज्यांच्या पोलिसांशी समन्वय ठेवणं, बनावट नोटा आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांवर नजर ठेवणं असं कामाचं स्वरूप. गुन्हे नोंदवण्यासाठी मुंबईत काळाचौकीला स्वतःचं पोलीस ठाणं. पहिले प्रमुख के. पी. रघुवंशी. हाताशी कायदा होता तो १९९९ चा मकोका. टाडा १९९५ मध्ये संपला होता आणि पोटा त्याच वर्षी, २००४ मध्ये, रद्द झाला. मकोकाच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो. साध्या फौजदारी कायद्यात पोलिसासमोरच्या कबुलीला अशी किंमत नाही. ही सवलत पथकाच्या हाती पहिल्या दिवसापासून होती. माझ्या मते पथकाची सगळ्यात मोठी कमजोरी तिच्यातूनच आली.

२००६ हे वर्ष बघितलं की हे कळतं. मे महिन्यात एटीएसने मनमाड-चांदवड भागात महामार्गावर एका टाटा सुमोचा आणि एका इंडिकाचा पाठलाग केला. सुमो सापडली. तिच्यात सुमारे ३० किलो आरडीएक्स आणि १० एके-४७ होत्या. इंडिका निसटली. ती चालवणारा बीडचा झबिउद्दीन अन्सारी पुढे देशाबाहेर गेला आणि २६/११ च्या रात्री कराचीतून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांत तो होता, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. त्या दिवशी एका गाडीमागे आणखी दोन मोटारसायकली पाठवायला हव्या होत्या, असं आज बसल्याजागी म्हणणं सोपं आहे. खटल्याचा निकाल २०१६ मध्ये लागला. मकोका लागू होत नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे कबुल्यांचा आधार कमी झाला. तरीही १२ जण दोषी ठरले, कारण सुमो, आरडीएक्स आणि बंदुका होत्या. पंचांसमक्ष सील केलेला मुद्देमाल कबुलीसारखा मागे घेता येत नाही.

त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले. दोन्ही तपास एटीएसकडे. दोन्हींत अटका लवकर झाल्या आणि दोन्हींत मकोकाखालचे कबुलीजबाब हा मोठा आधार होता. मालेगावात पकडलेले नऊही जण मुस्लिम होते. पुढे सीबीआय आणि मग राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, तपासात आली. एका वेगळ्याच गटाकडे बोट दाखवणारी माहिती निघाली. २०११ मध्ये त्या तरुणांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. त्यातला एक तोवर मरण पावला होता. लोकल स्फोटांत २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब मारहाण करून घेतल्याचा संशय आणि त्यांतला शब्दशः सारखा मजकूर, यांवर न्यायालयाने बोट ठेवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही. ज्यांची माणसं माटुंग्याला, माहीमला, मीरा रोडला गेली, त्यांच्या हाती १९ वर्षांनी काय उरलं? गुन्हेगार कोण, हा प्रश्न जिथल्या तिथे.

२००६ च्या एप्रिलमध्ये नांदेडात एका घरात स्फोट होऊन दोन हिंदू तरुण मेले होते. ते बॉम्ब बनवत होते, असं एटीएसचं म्हणणं. त्या खटल्यातले हयात आरोपी जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष सुटले. एका बाजूच्या खटल्यांत पुरावा कच्चा आणि दुसऱ्या बाजूच्या खटल्यांत पक्का, असं कुणाला वाटत असेल तर त्याने या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. कच्चेपणाला धर्म नसतो.

जानेवारी २००८ मध्ये हेमंत करकरे प्रमुख झाले. ते 'रॉ'मध्ये परदेशात काम करून आलेले, शांत स्वभावाचे अधिकारी. प्रमुखपदाची त्यांची कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांची, पण पथकाची पुढची ओळख तिथे ठरली. मे-जून २००८ मध्ये वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला. निमित्त होतं 'आम्ही पाचपुते' हे नाटक. मराठी रंगभूमीला आक्षेप, मोर्चे, अंडी, सगळं ठाऊक होतं. बॉम्ब नवा होता. एटीएसने लवकर अटका केल्या. आरोपी सनातन संस्था आणि हिंदू जनजागृती समितीशी संबंधित असल्याचं पथकाने सांगितलं. संस्थेने असल्या कृत्यांशी संबंध कायम नाकारला आहे. ऑगस्ट २०११ मध्ये कोर्टाने दोघांना १० वर्षांची सक्तमजुरी दिली आणि चौघांना सोडलं. राज्याने त्याच वर्षी संस्थेवर बंदीचा प्रस्ताव दिल्लीला पाठवला होता. बंदी आली नाही.

मग २९ सप्टेंबर २००८, पुन्हा मालेगाव. भिक्खू चौकात सहा मृत्यू. तपासाची सुरुवात करकरेंच्या माणसांनी एका वस्तूपासून केली: स्फोटात मोडलेली एलएमएल फ्रीडम मोटारसायकल. तिच्यावरून प्रज्ञासिंह ठाकूर आणि पुढे लष्करातले लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यापर्यंत पथक पोचलं. त्या नोव्हेंबरात करकरेंवर जी टीका झाली ती वर्तमानपत्रांच्या फायलींत आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयाच्या गल्लीत अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासह ते मारले गेले. त्याच रात्री त्याच रुग्णालयाच्या इमारतीत सदानंद दाते जखमी होऊनही लढत होते. पुढे काही वर्षांनी एटीएसचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं.

करकरे गेल्यावर खटला मकोका लागतो की नाही या वादात वर्षानुवर्षं अडकला. २०११ मध्ये तो एनआयएकडे गेला, २०१६ मध्ये एनआयएने मकोका वगळला आणि त्याखालच्या कबुल्या निकामी झाल्या. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, तीसहून अधिक फितूर झाले. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. मोटारसायकल ठाकूर यांचीच होती आणि स्फोटकं तिच्यातच ठेवली होती, हे सिद्ध झालं नाही, असं कोर्टाने म्हटलं. चॅसिसचा पूर्ण क्रमांक मिळाला नव्हता. करकरेंबद्दल मला आदर आहे, तरी हे लिहायला हवं: वस्तू सापडली एवढ्याने भागत नाही, ती वस्तू कोर्टापर्यंत धडपणे पोचवावी लागते. दहा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांवर महाराष्ट्रात दोन तट पडले. एकाने पहिला निकाल साजरा केला, दुसऱ्याने दुसरा. दोन्ही तपास एकाच पथकातून सुरू झाले होते, याकडे फार थोड्यांनी पाहिलं.

आता सागरमाळकडे येऊ. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात पानसरे, धारवाडात ३० ऑगस्ट २०१५ ला प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि बंगळुरात ५ सप्टेंबर २०१७ ला गौरी लंकेश. चारही ठिकाणी दुचाकीवरून आलेले मारेकरी आणि ७.६५ मिमीचं गावठी पिस्तूल. तपास मात्र चार टेबलांवर. पुण्यात आधी शहर पोलीस, २०१४ पासून सीबीआय. कोल्हापुरात विशेष तपास पथक. कर्नाटकात आधी सीआयडी, मग एसआयटी. गोळ्यांची तुलना स्कॉटलंड यार्डकडून करून घ्यायची म्हणून दाभोलकर खटला बराच काळ खोळंबला आणि शेवटी ते झालंच नाही. देशात प्रयोगशाळा असताना ही वाट कशाला धरली, याचं पटेल असं उत्तर मी वाचलेलं नाही. बंगळुरूच्या प्रयोगशाळेने कलबुर्गी, पानसरे आणि लंकेश प्रकरणांतल्या पुंगळ्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि त्या एकमेकींशी जुळतात, असा अहवाल दिला. लंकेश यांच्या खुनानंतर कर्नाटक एसआयटीने जप्त केलेल्या डायऱ्यांतली सांकेतिक नावं उलगडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे महाराष्ट्रातल्या जुन्या फायली हलल्या.

ऑगस्ट २०१८ मध्ये एटीएसने नालासोपाऱ्यात छापा घातला. गावठी बॉम्ब आणि ते बनवायचं साहित्य मिळालं, तिघांना अटक झाली. त्यांतल्या शरद कळसकरच्या चौकशीतून सचिन अंदुरेचं नाव आलं आणि सीबीआयने त्याला छत्रपती संभाजीनगरमधून पकडलं. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकरांच्या खुनासाठी दोघांना जन्मठेप दिली. तिघे सुटले. खरे सूत्रधार कोण, हे पुणे पोलीस आणि सीबीआय यांना शोधता आलं नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं. शिक्षेमागे मोठा आधार होता प्रत्यक्षदर्शींचा. त्यांत एक महापालिकेचा सफाई कामगार. त्याने त्या सकाळी खुनाच्या जागी, पुलावर, जे पाहिलं ते जवळजवळ नऊ वर्षांनी कोर्टात उभं राहून सांगितलं आणि गोळ्या झाडणारे ओळखले. उलटतपासणीत तो डगमगला नाही. या सगळ्या वाटचालीत पदकं अनेकांना मिळाली. माझ्या लेखी त्या कामगाराचं काम कुणाहून कमी नाही.

पानसरे खटल्यात दोषारोप निश्चित व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. घटनेला तोवर जवळजवळ आठ वर्षं झाली होती. पुढे खटला लांबल्यामुळे आरोपींना टप्प्याटप्प्याने जामीन मिळत गेला. २९ जानेवारी २०२५ ला एका दिवशी सहा जणांना. कायदा तसाच आहे आणि तो तसाच असायला हवा. खटला चालवायचाच नसेल तर माणसाला किती वर्षं कोंडून ठेवणार? इकडे कोल्हापुरात पुरोगामी कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला 'निर्भय मॉर्निंग वॉक' काढत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं. त्यामुळे या खटल्यातल्या अर्जांसाठी मुंबईच्या वाऱ्या करायची गरज राहिली नाही, एवढी सोय नक्की झाली.

पथकाच्या कामाची एक बाजू कोर्टात दिसत नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले. त्यानंतर एटीएसने मौलवी, डॉक्टर आणि घरच्यांना सोबत घेऊन इंटरनेटवरून भरकटणाऱ्या पोरांशी बोलायला सुरुवात केली. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीला असंच, गुन्हा न नोंदवता, परत वळवलं. हे काम मला चकमकीपेक्षा मोठं वाटतं. नालासोपाऱ्याच्या वाटेला लागलेल्या पोरांसाठी असाच जाहीर उपक्रम का नसावा? तिथेही गावाकडची पोरं होती. त्यांच्या गावात कुणी महाराज, कुणी मास्तर, कुणी तालमीतला वस्ताद असेलच, ज्याचं ऐकून ती थांबली असती.

कायदे मात्र दर वेळी अधिक कडक होत गेले. यूएपीएमध्ये २००८ नंतर आरोपपत्राला १८० दिवस मिळतात. २०१९ पासून एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत दहशतवादी कृत्याचं वेगळं कलम आलं. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, आणि तो विरोधकांवर वळेल अशी भीती सभागृहात आणि बाहेर व्यक्त झाली. वर सांगितलेल्या खटल्यांत कायदा कमी पडला म्हणून कोण सुटलं, असं मला एकही उदाहरण दिसत नाही. कमी पडले ते पंच, साक्षीदार, सील, क्रमांक आणि वेळ.

आणि आता गावाकडचा प्रश्न. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर असं सगळं झालं आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणावरून निघालेला जमाव गडाखालच्या गजापुरात शिरला आणि ज्यांचा गडावरच्या वादाशी संबंध नव्हता अशा मुस्लिम कुटुंबांची घरं आणि मशीद फोडली. गजापूर शाहूवाडीत, कोडोली पन्हाळ्यात, पण पोलिसांचा उपविभाग एकच. इथे काळाचौकीहून कुणी येत नाही. बंदोबस्ताला जातात ते कोडोलीसारख्या ठाण्यातले शिपाई, आणि आधी कुणकुण लागायला हवी ती 'गोपनीय'च्या त्या एका माणसाला. उसाच्या ट्रॉल्यांची कोंडी, पासपोर्टची पडताळणी, यात्रांचे बंदोबस्त यांत त्याचा दिवस जातो. २०२३ च्या जुलैत पुण्यात कोथरूडला रात्रगस्तीवरच्या शिपायांनी मोटारसायकल चोरताना तिघांना हटकलं आणि त्यातून एनआयएला हवे असलेले फरार सापडले. ते पकडायला कुणी कमांडो लागले नाहीत, गस्त लागली. ठाण्यांची रिकामी पदं भरणं हा दहशतवादविरोधी कामाचाच भाग आहे, पण त्याची जाहिरात होत नाही म्हणून तो मागे पडतो.

वाचकांना एक सांगायचं आहे. पोलीस पंच म्हणून बोलवायला आले की आपण मागच्या दाराने निघून जातो. साक्षीचं समन्स आलं की तालुक्याला ओळख लावून ते टाळतो. आणि मग निकालाच्या दिवशी चौकात उभं राहून 'सुटलेच शेवटी' म्हणतो. कोडोलीच्या, पन्हाळ्याच्या, कुठल्याही गावच्या माणसाने यापुढे पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचावा, समोर सील झाल्याशिवाय सही करू नये, आणि बोलावणं आलं की दहा वर्षांनी का होईना, कोर्टात जाऊन जे पाहिलं तेवढंच सांगावं.